कालीघाटचा पट आणि बटतल्याचा छापा: बाबू तोच, हात वेगळा

एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याची टर उडवणारं कुठलंही चित्र दिसलं की त्याखाली ‘कालीघाट’ लिहून मोकळं व्हायची सवय पडली आहे. त्यातली बरीच चित्रं कालीघाटची नसतात. ती उत्तर कलकत्त्यात, चितपूर रस्त्याच्या आसपासच्या बटतला भागात लाकडी ठशावर छापलेली असतात. (बटतला म्हणजे वडाखाली, तिथला ‘बट’ म्हणजे आपला वड.) चुणीदार धोतर, ऐटीत भांग पाडलेले केस आणि हातात हुक्का असा बाबू, म्हणजे शहरी बंगाली छानछोकीवाला, दोन्हीकडे भेटतो. त्याला नाचवणारी बायको किंवा रखेलही दोन्हीकडे आहे. म्हणून विषयावरून ओळखायला जाऊ नये, रेघ बघावी.

कालीघाटचा पट हाताने रंगवलेला असतो. खेड्यापाड्यांतून आलेल्या पटुआ (पट रंगवणाऱ्या) कुटुंबांनी कलकत्त्यातल्या कालीघाटच्या कालीमंदिराजवळ दुकानं मांडली आणि यात्रेकरूंना स्वस्तात चित्रं विकली. कागद गिरणीचा, पातळ, साधारण ४३ × २८ सेंटिमीटर. काम घरात वाटलेलं असे. एकजण नमुन्यावरून पेन्सिलीनं आकार उतरवी, दुसरा अंगाच्या छटा भरी, तिसरा कपड्यांचे रंग लावी आणि शेवटी काजळीच्या शाईनं रेघ ओढली जाई. दंडाची किंवा गालाची गोलाई एका फटक्यात येते. ओल्या कुंचल्याच्या एकाच कडेला रंग घेतला की एका बाजूला गडद आणि दुसरीकडे विरत जाणारी छटा मिळते. पाणी जास्त झालं तर छटा रेघेबाहेर पसरते, कमी झालं तर मधेच कोरडा पट्टा उमटतो, आणि पातळ कागदावर दुसरा हात फिरवला तर तो खरवडतो. दागिन्यांवरची चमक कथिलापासून केलेल्या रंगाची असते. पुष्कळ पटांवर ती आता राखाडी दिसते.

या घाईचा विनोदावर थेट परिणाम झाला. मागे भिंत नाही, रस्ता नाही, बहुतेकदा अक्षरही नाही. कोऱ्या कागदावर दोनच आकृत्या, म्हणून सगळा टोमणा देहबोलीतून मारावा लागतो. वैष्णवाचा टिळा लावलेलं आणि तोंडात कोळंबी धरलेलं मांजर घ्या. ढोंगी बुवाबद्दल आणखी काही सांगायची गरजच उरत नाही.

बटतल्याच्या कारागिराची अडचण नेमकी उलटी. त्याला जे काळं हवं ते लाकडावर तसंच ठेवून बाकी सगळं कोरून काढायचं. मोठी कोरी जागा म्हणजे जास्त कोरकाम, आणि तळ पुरेसा खोल गेला नाही तर तिथे शाई लागून फटकारे उमटतात. म्हणून पार्श्वभूमी पडदे, खांब आणि समांतर रेघांनी भरून टाकणं सोयीचं पडतं. कोरणारे बरेचसे कासार, सोनार, लोहार अशा धातूकाम करणाऱ्या जातींतले होते, आणि भांड्यावरच्या नक्षीची सवय त्यांच्या रेघेत दिसते. चित्र ठशावर उलटं काढावं लागतं. कारागीर ते विसरला तर माणसं डावखुरी होतात आणि अक्षरं आरशातली. एखादी बारीक रेघ तुटली तर तेवढा भाग पोखरून नवा लाकडी तुकडा बसवण्यावाचून इलाज नसतो. ठसा जुना झाला की छाप्यावर तडा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, किड्यांची भोकं पांढऱ्या ठिपक्यांसारखी. कित्येक छाप्यांवर कोरणाऱ्याचं नाव, पत्तासुद्धा असतो. पटुआ मात्र बहुधा निनावीच राहिला.

इथे टोमणा तपशिलातून आणि शब्दांतून येतो. ‘घोर कली’ या विषयावरच्या छाप्यात मुलगा बायकोला खांद्यावर घेऊन चालला आहे आणि म्हाताऱ्या आईला बांधून ओढतो आहे. आपल्याकडच्या ‘घोर कलियुग’ या सुस्काऱ्याचं हे चित्ररूपच.

१८७३ साली बंगालमधल्या तारकेश्वर या शिवक्षेत्री गाजलेलं प्रकरण घडलं. नवीनचंद्रानं बायकोचा, एलोकेशीचा, मासे कापायच्या विळीनं खून केला, कारण देवस्थानच्या महंताशी तिचे संबंध असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. नवीनला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, महंताला तीन वर्षांची सक्तमजुरी. पटुआंनी भेट, खून, खटला, तुरुंग असे सुटे प्रसंग विकले. बटतल्यानं त्यावर प्रहसनांची रासच छापली. दोघांनाही धाडसी समाजटीकाकार म्हणून मिरवण्याआधी थोडं थांबावं. महंतावर आणि बाबूवर ते कोरडे ओढतात हे खरं, पण घरातली बाई वरचढ झाली की जग बुडालं, हाही त्यांचाच सूर आहे. त्यांचं हसू बरंचसं जुन्या वळणाचं.

ओळखायचं कसं? मूळ कागद हाती असेल तर भिंगाखाली धरा. कुंचल्याची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते, तिच्या आत काळ्याची छटा बदलते, आणि शेजारी कधी पेन्सिलीची खूण सापडते. ठशाच्या रेघेत शाई कडांवर दाटलेली असते. दाब जोराचा असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला उठाव जाणवतो. निव्वळ रंगावर भरवसा ठेवू नका, कारण बटतल्याचे छापेही हाताने रंगवले जात. अशा वेळी रंग काळ्या रेघेवरून ओघळून बाहेर गेलेला दिसतो, कारण रेघ आधीची आणि रंग नंतरचा. पटात शेवटची काळी रेघ रंगाच्या वर बसते.

फसवतो तो तिसराच प्रकार. पुढे शिळाछापाशी, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रांशी, स्पर्धा वाढली. अशी चित्रं छापणारा कलकत्ता आर्ट स्टुडिओ १८७८चा, आणि पुण्याची चित्रशाळाही त्याच वर्षीची. तेव्हा काही कालीघाट चित्रांची बाह्यरेषा शिळेवर छापून फक्त रंग हाताने भरले जाऊ लागले. त्यांत कुंचल्याची निमुळती रेघ दिसते, कारण ती शिळेवरही तशीच काढता येते. मागे उठाव मात्र नसतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. रंग थोडे इकडेतिकडे असतील, पण रेघ केसभरही हलणार नाही. अशा चित्राखाली ‘कालीघाट, शिळाछाप रेघ, हाताने रंगवलेलं’ असं लिहावं.