डेस्कटॉप चालू न होणे

डेस्कटॉप चालू न होणे : बटण दाबूनही टेबलावरचा संगणक कामाच्या स्थितीला न येणे. मराठवाड्यात ही तक्रार बहुधा ‘सीपीयू चालूच होईना गेलाय’ अशा शब्दांत येते. सीपीयू म्हणजे खरे तर मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर) बसणारा लहानसा चौकोनी प्रोसेसर. बोलण्यात मात्र अख्खा डबाच सीपीयू. ‘बोर्ड’ या शब्दाचेही तसेच. भिंतीवरचा स्विचबोर्ड, जोडणीचा एक्स्टेंशन बोर्ड आणि आतला मदरबोर्ड या तिन्हींना तोच शब्द असल्याने फोनवरून ‘आधी बोर्ड बघा’ असे सांगणाऱ्याला पुढे पाच मिनिटे खुलासा करावा लागतो.

दुरुस्ती करणाराचा पहिला प्रश्न असतो, ‘चालू होत नाही म्हणजे नेमके काय होते?’ बटण दाबल्यावर कशातच हालचाल नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर शोधायचा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच, हे रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी), डिस्प्ले किंवा मदरबोर्डाचे लक्षण. अक्षरे उमटतात पण विंडोज येत नाही, ते हार्डडिस्कचे किंवा तिच्यातल्या फायलींचे. चालू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्यावा. हा निवाडा डबा उघडण्यापूर्वीच होतो आणि निम्मे काम इथेच उरकते.

वीज. मराठवाड्यात शोधाची सुरुवात डब्यातून नव्हे, भिंतीपासून करावी. ‘लाइट आहे’ म्हणजे पुरेशी लाइट आहे असे नाही. रब्बीत विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातला विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो. मोटार सुरू होताना चालू स्थितीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे क्षणभर बल्ब मंदावतो आणि त्याच क्षणी संगणक रिस्टार्ट होतो. संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, वीज तुटल्यावर जेमतेम १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एखादे आवर्तन हुकले की पुरे. चांगले सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतात. स्वस्त सप्लायवर मात्र बहुधा २०० ते २४० एवढेच छापलेले असते, आणि डिम लाइटवर ते उठतच नाहीत.

याहून वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे वीज परतण्याची तार, सुटली की घराघरांत २३० ऐवजी वाट्टेल तो दाब जातो. ज्या फेजवर भार कमी, तिथे तो ४०० व्होल्टच्या जवळही पोचू शकतो. त्या रात्री गल्लीतले टीव्ही, चार्जर आणि संगणकाचे सप्लाय एकत्रच जातात. म्हणून ‘शेजाऱ्यांचेही काही जळाले का?’ हा प्रश्न मल्टिमीटरइतकाच उपयोगी आहे. अशा वेळी सप्लायमधला फ्यूज उडालेला सापडतो, पण नुसता फ्यूज बदलून भागत नाही; त्याच्यामागचे भागही गेलेले असतात. सप्लायचे झाकण हौसेने उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

अर्थिंगकडे सहसा कोणी बघत नाही. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिल-मे मध्ये ती वाळून भेगाळते, आतल्या सळीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कारण बहुधा हेच. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहणे हा जुना उपाय आजही लागू आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढावी, हे लोक हमखास विसरतात. विजेच्या झटक्याने आलेला दाब नेटच्या तारेतून थेट मदरबोर्डपर्यंत पोचतो.

यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर काही वेळ वीज पुरवणारी पेटी, हा आणखी एक फसवा दुवा. आतली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी २५ अंशांच्या हवेत जेवढी टिकते, त्याहून दर १० अंश वाढीला तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे. पत्र्याच्या छताखालच्या सेवा केंद्रात (लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात) मे महिना काढलेल्या बॅटरीची अवस्था त्यावरून समजावी. बॅटरी गेली की काही यूपीएस लाइट असतानाही पुढे वीज सोडत नाहीत आणि दोष मात्र संगणकावर येतो. तपासायला सोपे : संगणकाची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीत लावावी.

एवढे करूनही हालचाल नसेल, तर सप्लायचीच परीक्षा घ्यावी. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणल्यापासून डब्यावरचे बटण वीज थेट जोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा देते आणि बोर्ड सप्लायला उठवतो. त्यामुळे सप्लाय बोर्डापासून पूर्ण सोडवून मोठ्या कनेक्टरातली हिरवी आणि कुठलीही काळी तार यू-पिनने जोडली की पंखा फिरायला हवा. सगळ्याच तारा काळ्या असतील, तर २४ पिनच्या कनेक्टरात १६ क्रमांकाची पिन हिरवीच्या आणि शेजारची १७ क्रमांकाची काळीच्या जागी धरावी. पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असा निष्कर्ष मात्र अनेक दुकानांत घाईने काढला जातो. पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट भार असताना टिकतात का, हे पाहिल्याशिवाय ती परीक्षा अर्धीच. पुढच्या बटणाचीही शंका घ्यावी. बोर्डावरच्या त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्यावर संगणक उठला, तर बिघाड पन्नास-शंभर रुपयांचा.

धूळ आणि ओल. कोरडी धूळ पंखा अडवते, प्रोसेसर तापवते. पण पहिल्या पावसानंतर हवेतली ओल धुळीत शिरली की ती वीज वाहू लागते. रॅमच्या तक्रारी जून-जुलैत वाढतात त्या यामुळे. नेमका तोच प्रवेशाचा आणि पीकविम्याचा हंगाम, दारात रांग लागलेली. रॅमची पट्टी काढून सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून परत बसवणे, हा उपाय तालुक्यातले शाळकरी पोरही जाणते. तो खराखुरा चालतो. जोर मात्र लावू नये, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहाव्यात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने किंवा काडीने धरावा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बिघडतो.

डब्याच्या मागच्या बाजूची पत्र्याची झाकणपट्टी निघालेली असेल, तर डब्यात पाल, मुंग्या आणि उंदीर यांची ये-जा असते. सप्लायच्या उबेला आलेली पाल दोन टोकांना एकदम टेकली की तीही जाते आणि बोर्डही. तीस-चाळीस रुपयांची पत्र्याची पट्टी न लावल्याची ही किंमत.

आवाज. अनेक बोर्डांना एक लहानसा स्पीकर जोडता येतो. सुरू होताना एकच छोटी बीप म्हणजे सहसा ठीक. बायोस म्हणजे चालू होताना पहिली तपासणी करणारा बोर्डातला प्रोग्रॅम. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेची तक्रार, पुनःपुन्हा लांब म्हणजे रॅमची. इतर बायोसचे संकेत वेगळे असतात. यूपीएसची बीप ही बोर्डाची समजून रॅम काढून बसलेले लोक विरळ नाहीत. पंखा फिरतो, बीपही ठीक आहे, तरी स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची वायर बघावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डाच्या छिद्रात खुपसलेली असण्याचा प्रकार नेहमीचा.

तारीख जुन्या सालावर गेली असेल आणि एफ-१ दाबायला सांगत असेल, तर मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. त्याने संगणक सहसा अडत नाही, पण चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि ‘नेट नाही’ अशी निराळीच तक्रार येते. बूट करायला काही सापडत नाही असा संदेश आला, तर आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढावा, मग साटा केबल (हार्डडिस्क बोर्डाला जोडणारी तार) घट्ट करावी. हार्डडिस्क टकटक वाजत असेल, तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नये. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आतला मजकूर आधी वाचवावा. विंडोज नव्याने टाकून देण्याची काही दुकानदारांची घाई इथे घातक ठरते, कारण सेवा केंद्राच्या डिस्कवर गिऱ्हाइकांची कागदपत्रे पडलेली असतात.

बोर्डच गेला असेल, तर चिपपातळीची दुरुस्ती शक्य असते, पण जुन्या बोर्डाला तेवढ्याच पैशांत दुसरा वापरलेला बोर्ड मिळतो. म्हणूनच जाणते केंद्रचालक एक तपासलेला सप्लाय, रॅमची एक पट्टी आणि दोन सेल कपाटात बाळगून असतात.