पोट फुगलंय की पाणी भरलंय?

टँकमधल्या फायटर माशाला (बेट्टाला) दोन दिवस पोटभर ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल जिवंत किडे, घातले की तिसऱ्या दिवशी त्याचं पोट गोटीसारखं दिसायला लागतं आणि घरात घाबरगुंडी उडते. कुणी सांगतं अपचन आहे, कुणी सांगतं ड्रॉप्सी. दोन्हींत पोट मोठं होतं, मासा मंदावतो, नीट पोहता येत नाही. पण एकात आतड्यात अन्न तुंबलेलं असतं आणि दुसऱ्यात अंगात पाणी साचलेलं असतं. ड्रॉप्सीला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: जलोदर. हा फरक पहिल्या दिवशी ओळखायलाच हवा, कारण तुंबलेल्या माशाला औषधांचा मारा सोसत नाही आणि पाणी भरलेल्या माशाला नुसतं उपाशी ठेवून भागत नाही.

टँकच्या काचेतून, बाजूने बघून काही ठरवू नका. मासा पांढऱ्या टबात घ्या आणि वरून बघा. तुंबलेल्या माशाचा फुगवटा कल्ल्यांच्या मागे, पोटाच्या भागातच असतो. कधी एका कुशीला जास्त असतो. खवले मात्र अंगाला चिकटलेले, पाठ गुळगुळीत. जलोदरात सगळं अंगच सुजतं आणि एकेक खवला बाहेर उचलला जातो. सीताफळ आठवा, हुबेहूब तसं. डोळे पुढे येऊ शकतात, कल्ले फिके पडतात. तुंबलेला मासा बहुधा खायला पुढे येतो, जलोदर झालेला तोंड फिरवतो. पांढऱ्या, दोऱ्यासारख्या विष्ठेवरून निदान करू नका. मासा काही दिवस जेवला नाही तरी ती तशीच होते. गप्पीची मादी असेल तर आधी ती गाभण नाही ना, हे बघा. तिची पिल्लं साधारण चार आठवड्यांनी होतात आणि पोटाचा मागचा काळा डाग गडद होत जातो.

माझ्या निळ्या फायटरच्या वेळी मी बाजूनेच बघत राहिलो. अपचन समजून चार दिवस उपास घातला. पाचव्या सकाळी खिडकीतलं ऊन बरणीवर तिरपं आलं, मी वाकून वरून पाहिलं, तर पाठीच्या दोन्ही बाजूंचे खवले वादळात उचकटलेल्या कौलांसारखे उभे होते आणि प्रत्येक खवल्याखाली सावलीची बारीक रेघ होती. दुकानातून मिथिलीन ब्लू दिलं गेलं. ते मी घातलं, पाणी निळं झालं. पण ते औषध बाहेरच्या बुरशीसाठी आणि काही परजीवींसाठी. आजार तर मूत्रपिंडात होता. दोन दिवसांनी तो गेला.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात आजूबाजूच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत आत शिरत असतं. मासा ते पाणी पीत नाही, त्याची मूत्रपिंडं ते पातळ लघवीवाटे अखंड बाहेर टाकत असतात. मूत्रपिंडं थकली की आत येणारं पाणी थांबत नाही आणि बाहेर जाणारं मात्र थांबतं. ते पोटाच्या पोकळीत साचतं, खवल्यांखाली साचतं. म्हणून जलोदर हा स्वतंत्र रोग नाही, आत काहीतरी बिघडल्याचं ते शेवटचं लक्षण आहे. मुळाशी बऱ्याचदा एरोमोनाससारखे जिवाणू असतात. ते जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये असतातच, धडधाकट माशाला काही करत नाहीत. अमोनिया वाढला, गर्दी झाली, पाणी गार पडलं की त्यांना वाट मिळते.

आणि इथे जिवंत खाद्याचा संबंध दोन्हीकडे लागतो. अपचन होतं ते किती घातलं यावरून. ट्युबिफेक्समध्ये प्रथिनं भरपूर, चोथा जवळजवळ नाही, आणि फायटर समोर दिसेल तितकं गिळतो. त्यात नाशिक-पुण्याची थंडी आली आणि हीटर नसला तर पाणी २० अंशांपर्यंत उतरतं. शीतरक्ताच्या प्राण्याचं पचन तिथे रेंगाळतं. जलोदराचा धोका वाढतो तो कुठलं आणि कसं घातलं यावरून. ट्युबिफेक्स गटाराच्या, नाल्याच्या गाळात वाढतात. प्राणवायू नसल्यासारख्या पाण्यात ते हिमोग्लोबिनच्या जोरावर तगतात, म्हणून तर ते लाल. तो गाळ आणि त्यातले जिवाणू त्यांच्यासोबत बरणीत येतात. न खाल्लेले किडे तळाशी मरून कुजतात आणि अमोनिया चढतो. म्हणून पसरट ताटलीत दोन-तीन दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी बदलून ते धुवायचे. जिवंत किडे एकमेकांना धरून घट्ट गोळा करतात, मेलेले फिके पडून सुटे होतात, ते फेकायचे. दुकानात भांड्यातून कुजका वास आला तर घेऊच नका. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची, अंडी घरी मिठाच्या पाण्यात उबवली तर हा धोका बराच टळतो, २८ अंशांना साधारण दिवसभरात पिल्लं निघतात.

जलोदर दिसला तर मासा वेगळा करा, पाणी स्वच्छ आणि २६ ते २८ अंशांवर स्थिर ठेवा, मुख्य टँकमधला अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, ही दोन्ही विषं तपासा. दोन्ही शून्य हवेत. प्रतिजैविक द्यायचं तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारूनच. खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वाचतात, हे मनाची तयारी ठेवून ऐका. खवले उभे राहण्याआधी बऱ्याचदा मासा नुसता सुस्त असतो. जी काही संधी आहे ती तिथेच.

अपचनाचं तसं नाही. गेल्या हिवाळ्यात माझी लाल मादी अशीच फुगली. टबात घेतली, वरून पाहिली, खवले सपाट. पाणी २७ अंशांवर आणलं, खाणं पूर्ण बंद, कसलंही औषध नाही, सकाळ-संध्याकाळ वरून नजर. सोललेला मटार देतात लोक, पण फायटर मांसाहारी, त्याला डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला बारीक कवचधारी जीव, बरा. त्याचं कवच पचत नाही, तेच चोथ्याचं काम करतं. तिसऱ्या दिवशी दुपारी टबाच्या पांढऱ्या तळावर बोटाच्या पेराएवढी काळपट दोरी पडलेली दिसली. संध्याकाळी पिपेटने पाच-सहा डॅफ्निया सोडले. ती वळली, क्षणभर बघत राहिली आणि एकेक टिपून खाल्ला.