अमूर्त सांस्कृतिक वारसा, कोरियाचा

अमूर्त सांस्कृतिक वारसा, कोरियाचा : गाणे, नृत्य, मुखवटानाट्य, विधी, खेळ, हस्तकौशल्ये अशा, वस्तूत नव्हे तर माणसाच्या अंगात वसणाऱ्या परंपरा आणि त्या पुढच्या पिढीच्या हाती जाव्यात म्हणून दक्षिण कोरियाने उभारलेली कायदेशीर व्यवस्था. कोरियन संज्ञा ‘मुह्यॉंग मुन्ह्वाजे’ (मुह्यॉंग : निराकार; मुन्ह्वाजे : सांस्कृतिक संपदा). मे २०२४ पासून सरकारी व्यवहारात ‘मुन्ह्वाजे’च्या जागी ‘युसान’ (वारसा) हा शब्द आला. ‘जे’ या अक्षराला मालमत्तेचा वास येतो, हे त्याचे एक कारण. बोलण्यात मात्र जुना शब्द टिकून आहे.

उगम : या व्यवस्थेचा पाया म्हणजे १० जानेवारी १९६२ चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा. त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत जपानी नमुन्याकडे बोट दाखवते. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या मुख्य दालनातील भित्तिचित्रे जानेवारी १९४९ मध्ये आगीत होरपळली. त्या धक्क्यातून जपानने १९५० साली कायदा केला आणि ‘अमूर्त संपदा’ ही कोटी (वर्ग) त्यात घातली. कोरियन कायद्याची कलमे, वर्गवारी आणि परिभाषा त्याच्याशी इतकी जुळते की उसनवारी नाकारण्यात अर्थ नाही. जपानी अमलातील १९३३ चा जतन-आदेश कोरियात लागू होता खरा. पण तो प्राचीन वस्तू, स्थळे व निसर्गविशेष यांपुरता होता, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना त्यात जागा नव्हती.

दुसरे मत देशी प्रेरणेवर भर देते. पत्रकार ये योंग-हे यांनी १९६० पासून ‘हान्गुक इल्बो’ दैनिकात उतारवयातील कारागीर व कलावंत यांच्यावर लेखमाला चालवली. तिचे शीर्षक ‘इनगान मुन्ह्वाजे’, म्हणजे मानवी सांस्कृतिक संपदा. कायद्यातला शब्द ‘बोयुजा’ (धारक) असा कोरडा आहे; लोकांच्या तोंडी बसला तो ये यांचाच. सांगाडा जपानी व त्यात भरलेला जीव कोरियन, असे मानणे पुराव्याला अधिक धरून होईल. एक फरक तर ठळक आहे. जपानने लोककलांसाठी १९७५ मध्ये वेगळी कोटी केली आणि तीत व्यक्तिगत धारक ठेवले नाहीत. कोरियाने सुरुवातीपासून दरबारी संगीत आणि बाजारातले मुखवटानाट्य एकाच यादीत बसवले, आणि दोन्हींसाठी माणसे नेमली.

पहिली यादी डिसेंबर १९६४ ची. क्रमांक १ जोंगम्यो या राजपूर्वजांच्या देवस्थानातील संगीताला मिळाला. हे संगीत राजा सेजोंगच्या काळी रचले गेले व १४६४ पासून देवस्थानात वाजू लागले. ज्या विधीसाठी ते वाजते, तो विधी मात्र १९७५ साली क्रमांक ५६ म्हणून स्वतंत्रपणे नोंदला गेला. म्हणजे अनेक वर्षे संगीत संरक्षित आणि विधी उघड्यावर, अशी अवस्था होती. क्रमांक केवळ नोंदीचे होते. पण लोकांनी ते गुणवत्तेचे मानले, म्हणून २०२१ मध्ये ते वापरातून काढण्यात आले.

पहिल्याच यादीतील क्रमांक ४ म्हणजे ‘गान्निल’, अर्थात ‘गात’ ही काळी टोपी बनवण्याचे कसब. या कामात तीन हात लागतात. एक जण घोड्याच्या केसांचा उभा शेंडा विणतो, दुसरा बांबूच्या केसासारख्या बारीक तंतूंची रुंद किनार विणतो, तिसरा दोन्ही जोडून, आकार देऊन काळी लाख चढवतो. टोपी इतकी विरळ की आतला शेंडीचा बुचडा बाहेरून दिसावा. १८९५ च्या अखेरीस राजाज्ञेने हे बुचडे कापायला लावले आणि टोपीखालचे डोकेच बदलले. गिऱ्हाईक त्यानंतर ओसरत गेले. टोपीखाली कपाळाला बांधायची केसांची पट्टी हे वेगळे कसब मानून १९८० मध्ये वेगळे नोंदले गेले. कारागिरांची विभागणी यादीत जशीच्या तशी उतरली आहे, आणि एका हाताला वारस मिळाला नाही तर उरलेले दोन्ही अडतात.

धारक व शिष्य : व्यवस्थेत पायऱ्या आहेत. वर धारक, त्याखाली अध्यापनात त्याचा सहायक, मग परीक्षा उतरलेला ‘इसुजा’ आणि तळाला शिकाऊ. धारकाला मासिक मानधन मिळते. बदल्यात शिष्य घडवणे आणि आपली कला ठरावीक काळाने लोकांसमोर सादर करणे त्याच्यावर बंधनकारक असते. म्हातारपणी शिकवणे झेपेनासे झाले की त्याला मानद धारक करतात. समूहाच्या परंपरेसाठी, उदा., रस्सीखेच किंवा गावजत्रा, व्यक्तीऐवजी मंडळाला मान्यता मिळते. एका कलेत अनेक गुरू असताना एकालाच शिक्का मिळाला, की बाकीच्यांचे शिष्य पांगतात. पारंपरिक नृत्यांच्या बाबतीत यावरून दीर्घ वाद झाले आहेत. मानधन तुटपुंजे, पण शिक्क्याचे वजन मोठे, हे त्यामागचे साधे गणित.

‘मूळ रूपा’चा प्रश्न : कायद्याने जतनाचे तत्त्व म्हणून ‘वॉन-ह्यॉंग’ (मूळ रूप) हा शब्द धरला. वास्तूला तो शोभतो. गाण्याला लावताच अडचण सुरू होते. आणि ती जितकी ‘पान्सोरी’त दिसते तितकी दुसरीकडे नाही.

पान्सोरी म्हणजे चटईवर उभा एक गायक, हाती मिटता-उघडता पंखा, बाजूला बसलेला एक ढोलवादक. कथा गद्य निवेदन आणि गायन यांतून पुढे सरकते. ढोलवादक व प्रेक्षक ‘ऑल्सिगू’, ‘चाल्हान्दा’ अशी दाद देत राहतात, आणि ती दाद सादरीकरणाचाच भाग समजली जाते. या कलेच्या जन्माविषयीही एकवाक्यता नाही. नैर्ऋत्येकडील जॉल्ला प्रांतातील ओझीण-गुरविणींच्या (शमन स्त्रियांच्या) विधिगीतांतून ती निघाली हे मत सर्वाधिक मान्य आहे; फिरस्त्या खेळकऱ्यांच्या फडातून ती आली असेही काही मानतात. कालनिश्चिती सतराव्या-अठराव्या शतकांच्या आसपास घुटमळते. हाताशी असलेला जुना पुरावा १७५४ चा : यू जिन-हान या विद्वानाने चुन्ह्यांगची कथा चिनी पद्यात उतरवली. एकोणिसाव्या शतकात बारा कथा गायल्या जात. आज संगीतासह पाचच उरल्या आहेत. त्यांपैकी ‘सुगुंगगा’ मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आजारी समुद्रराजाला सशाचे काळीज (यकृत) हवे असते, कासव त्याला फसवून पाण्यात नेते आणि ससा सांगतो की काळीज तर किनाऱ्यावरच राहिले. पंचतंत्रातील वानर व मगर यांच्या गोष्टीचे हे भावंड असून बौद्ध ग्रंथांच्या वाटेने ते पूर्वेकडे गेले असावे; ११४५ च्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ससा-कासवाच्या रूपात ते आढळते.

पान्सोरीच्या परिभाषेत ‘बादी’ म्हणजे गुरुपरंपरेने आलेला संपूर्ण पाठ, आपल्याकडील घराण्याच्या गायकीच्या जवळचा. आणि ‘दॉनुम’ म्हणजे एखाद्या गायकाने स्वतः घडवून त्यात घातलेला तुकडा, जो पुढे त्याच्याच नावाने ओळखला जातो. भर घालणे हा गुरूचा मान आहे. उलट गुरूची हुबेहूब नक्कल करणाऱ्याच्या गाण्याला ‘साजिन सोरी’, म्हणजे फोटो काढल्यासारखे गाणे, असे हिणवतात. अशा कलेत मूळ कोणते? १९६४ मध्ये चुन्ह्यांगगाच्या धारकांत किम सो-ही (१९१७–९५) होत्या. त्यांचा पाठ अनेक गुरूंकडून निवडून, सांधून त्यांनी स्वतः सिद्ध केला होता. विसाव्या शतकात घडलेला तो पाठ यादीत शिरताच जणू सनातन ठरला आणि शिष्यांना त्यात फेरफार करणे अवघड झाले. कायद्याने ज्याला निष्ठा म्हटले, त्याला कलेची स्वतःची भाषा दोष म्हणत होती.

मुखवटानाट्यातही हेच. ह्वांग्हे प्रांतातील बोंगसान येथील नाट्याचे संवाद १९३६ साली अभ्यासकांनी टिपले. उत्स्फूर्त टोमण्यांवर चालणारा खेळ त्या टिपणाच्या मापाने जोखला जाऊ लागला. सरदारांची खिल्ली उडवणारी वाक्ये पाठ झाली, सरदार उरले नाहीत. हाहो गावचा खेळ गावकऱ्यांनी १९२८ साली अखेरचा केला होता. तो १९७० च्या दशकात पुन्हा जुळवून १९८० मध्ये यादीत आला. त्याचे लाकडी मुखवटे मात्र त्याआधीच राष्ट्रीय ठेवा ठरले होते.

विधींचा इतिहास आणखी विसंगत आहे. १९७० च्या दशकातील ‘सेमाउल’ ग्रामसुधार चळवळीत अंधश्रद्धा म्हणून गावदेवतांची ठाणी पाडली गेली. त्याच राज्यसंस्थेने पुढे असे विधी वारसा म्हणून नोंदले. जेजू बेटावर दुसऱ्या चांद्रमासात येणाऱ्या योंगदुंग या वायुदेवतेला निरोप देताना गवताची होडी समुद्रात सोडतात. हा विधी १९८० मध्ये यादीत आला.

२०१५ चा कायदा : मार्च २०१५ मध्ये अमूर्त वारशासाठी स्वतंत्र कायदा झाला व एका वर्षाने अंमलात आला. त्याने ‘वॉन-ह्यॉंग’ वगळून ‘जॉन-ह्यॉंग’ (लक्षणरूप) हे तत्त्व घेतले : परंपरेची ओळख ठरवणारी लक्षणे राखा, बाकी बदलू द्या. लक्षण कोणते हे ठरवणारी समिती पुन्हा तीच, असा आक्षेप घेतला जातो. तरी व्यवहाराला हे तत्त्व अधिक जवळचे आहे. कोट्याही सात झाल्या व त्यांत शेती-मासेमारीचे ज्ञान, मौखिक परंपरा, राहणीच्या चालीरीती आल्या. गुरुगृहाबरोबर विद्यापीठातूनही शिक्षण देण्याची सोय झाली.

धारकाविना नोंद ही नवी वाट याच सुमारास उघडली. ‘आरिरांग’ गाणे देशभर प्रत्येकाला येते, म्हणून त्याचा धारक नेमता येईना. परिणामी ते कित्येक वर्षे यादीबाहेर राहिले. २०१५ मध्ये ते धारकाशिवाय नोंदले गेले आणि नंतर किमची मुरवणे, जेजूच्या पाणबुड्या स्त्रियांची (हेन्यो) परंपरा हीही तशीच आली. जॉन्जू येथील राष्ट्रीय अमूर्त वारसा केंद्र ध्वनिचित्रमुद्रण व प्रशिक्षण पाहते.

आंतरराष्ट्रीय बाजू : १९९३ मध्ये कोरियाने आपल्या नमुन्यावर ‘जिवंत मानवी ठेवा’ ही योजना युनेस्कोपुढे मांडली. युनेस्कोच्या प्रतिनिधिक यादीत जोंगम्योचा विधी व संगीत (घोषणा २००१), पान्सोरी (२००३) आणि गांगनुंगचा दानो उत्सव (२००५) या आधी गौरवलेल्या नोंदी २००८ मध्ये सामील झाल्या. दानोवरून चीनमध्ये नाराजी उमटली, कारण तिथी चिनी दुआनवू सणाची. गांगनुंगचे विधी मात्र स्थानिक पर्वतदेवतांभोवती फिरतात. अलीकडची नोंद डिसेंबर २०२४ मधील, सोयाबीनच्या ‘जांग’ मसाल्यांची.

उत्तर कोरियाच्या आरिरांगची नोंद २०१४ ची, किमचीची २०१५ ची. ‘सिरुम’ ही कुस्ती २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या नावे एकत्र नोंदली गेली. २०२२ मध्ये दक्षिणेच्या नावे आलेल्या मुखवटानाट्यांत बोंगसान, गांगन्योंग आणि उन्युल येथील खेळ आहेत. तिन्ही गावे सीमेपलीकडे आहेत. खेळ दक्षिणेत आले ते कोरियन युद्धाच्या काळातील निर्वासितांबरोबर, आणि त्यांच्या तालमी आज दक्षिणेतच होतात.