गोळी तेवढीच, पण रक्तात किती?

स्किझोफ्रेनियासारख्या आजारावर अँटिसायकॉटिक औषध सुरू झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती मिलिग्रॅमची गोळी दिली आहे?" प्रश्न रास्त आहे, पण पाकिटावरच्या आकड्यावरून फक्त पोटात किती गेले ते कळते. एकच डोस घेणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात औषधाची पातळी कित्येक पटींनी वेगळी निघू शकते.

याचे मुख्य कारण यकृत. औषध मोडून टाकणारी एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच मंद असतात, काहींमध्ये भलतीच चपळ. त्यात सवयींचीही भर पडते. क्लोझापिन हे त्याचे ठळक उदाहरण. सिगारेट-विडीच्या धुरातले घटक क्लोझापिन मोडणाऱ्या एन्झाइमचे काम वाढवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याला तोच परिणाम मिळवायला जास्त डोस लागतो. हा माणूस रुग्णालयात दाखल झाला आणि तिथे धूम्रपानाला बंदी असली, तर गोळ्या तेवढ्याच राहूनही आठवड्याभरात रक्तातली पातळी चांगलीच चढू शकते. मग लाळ गळणे, दिवसभर गुंगी, क्वचित फिट. हे काम धुराचे असते, निकोटिनचे नव्हे. म्हणून निकोटिनचा पॅच लावला तरी पातळी चढायची ती चढतेच. अशा रुग्णाने सिगारेट सोडली किंवा पुन्हा धरली, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते.

रिस्पेरिडोनचे जरा वेगळे आहे. यकृतात ते मोडल्यावर जो पदार्थ तयार होतो, तोही जवळपास तितकाच प्रभावी असतो. म्हणून तपासणीत दोन्हींची बेरीज पाहतात. अशा तपासणीसाठी रक्त सहसा सकाळी, पुढचा डोस घेण्याआधी काढतात, तेही डोस काही दिवस स्थिर ठेवल्यावर. गोळी घेतल्यानंतर तासाभराने काढलेल्या रक्तातल्या आकड्यावरून फारसे काही ठरवता येत नाही.

आता मेंदूकडे वळू. डोपामाइन हे मेंदूतले निरोप पोहोचवणारे रसायन, आणि पेशींवर ते जिथे बसते त्या जागा म्हणजे रिसेप्टर. यातली बहुतेक औषधे डोपामाइनचे 'डी-२' नावाचे रिसेप्टर अडवतात. २००० साली शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोमध्ये हॅलोपेरिडॉल हे अँटिसायकॉटिक घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन करून किती रिसेप्टर अडले ते मोजले. सुमारे ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण येण्याची शक्यता वाढत होती. ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू लागत होते आणि ७८ टक्क्यांच्या पुढे अंग ताठरणे, कंप यांसारखे त्रास दिसत होते. या अभ्यासातला डोस होता दिवसाला फक्त १ किंवा २.५ मिलिग्रॅम.

फायदा आणि त्रास यांच्यातली जागा किती अरुंद आहे ते साध्या गणितातही दिसते. पातळी दुप्पट झाली की अडलेल्या आणि मोकळ्या रिसेप्टरांचे गुणोत्तर दुप्पट होते. म्हणून ५० टक्के रिसेप्टर अडलेले असताना रक्तातली पातळी दुप्पट झाली, तर प्रमाण साधारण ६७ टक्क्यांवर जाते. पुन्हा दुप्पट झाली तर ८० वर. म्हणजे पहिल्या वाढीने गुण येण्याची शक्यता वाढते, तर दुसऱ्या वाढीने प्रोलॅक्टिन आणि ताठरपणा या दोन्ही रेषा एकदमच ओलांडल्या जातात. "गुण येत नाही, डोस वाढवा" हा आग्रह म्हणूनच दर वेळी बरोबर ठरत नाही.

प्रोलॅक्टिन वाढते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून. या ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पेशींना डोपामाइनचा लगाम सतत लागतो. औषधाने तो सैल केला की त्या मोकाट सुटतात. त्यात पियुषिका रक्त-मेंदू अडथळ्याच्या, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत सहजी शिरू न देणाऱ्या आवरणाच्या बाहेर आहे. ॲमिसल्प्राइडसारखे औषध हा अडथळा सहजी ओलांडत नाही, पण पियुषिकेपर्यंत मात्र विनासायास पोहोचते. त्यामुळे अगदी कमी डोसलाही प्रोलॅक्टिन झपाट्याने वाढते. रिस्पेरिडोन आणि पॅलिपेरिडोन हेही प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्यांत पुढे असतात. क्वेटियापिन आणि क्लोझापिन रिसेप्टरला फार वेळ धरून ठेवत नाहीत, म्हणून त्यांचा हा त्रास कमी. ॲरिपिप्राझोल रिसेप्टर अडवता अडवता त्याला थोडे चालवतेही. त्याने प्रोलॅक्टिन उलट उतरू शकते, आणि काही वेळा ते दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात ते त्यासाठीच.

प्रोलॅक्टिन वाढले की प्रजनन संप्रेरकांना मेंदूकडून मिळणारा इशारा मंदावतो. बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, मूल नसतानाही स्तनांतून दूध येऊ शकते. पुरुषांची कामेच्छा कमी होते. बाई पाळीची तक्रार घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, मानसोपचारतज्ज्ञाला त्याचा पत्ता नसतो. पुरुष तर बोलतच नाहीत. काही जण गुपचूप गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षे कमी राहिले तर हाडेही विरळ होतात, आणि हे सहसा फ्रॅक्चर होईपर्यंत कळत नाही.

औषध सुरू करण्यापूर्वीच एकदा प्रोलॅक्टिन मोजून ठेवले, तर पुढचा आकडा कशाशी ताडायचा हे कळते. वाढ त्रासदायक असेल तर मानसोपचारतज्ज्ञ डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. गोळ्यांच्या बाबतीत फरक बहुधा लवकर दिसतो. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचे तसे नाही: औषध स्नायूतून हळूहळू झिरपत राहते, त्यामुळे शेवटचे इंजेक्शन घेऊन झाल्यावरही प्रोलॅक्टिन पूर्वपदावर यायला काही महिने लागू शकतात.