कव्हरचा फोटो नको, नावाच्या पानामागचा पाठवा
(ब्रिटिश पुस्तके मागवणाऱ्या आणि विकायला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

सकाळी दुकानाचे शटर वर करायच्या आधीच व्हॉट्सॲपवर चार-पाच फोटो येऊन पडलेले असतात. सगळे कव्हरचे. खाली एक ओळ : "हे आहे का? केवढ्याला?" किंवा "आजोबांच्या कपाटात सापडलं. फर्स्ट एडिशन आहे. किती द्याल?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे कव्हरवर नसतात. पुस्तक उघडा, आत जिथे पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव पुन्हा छापलेले असते ते पान काढा आणि उलटा. मागच्या बाजूला बारीक टायपात जो मजकूर दिसतो, तो आम्हाला हवा आहे. तेवढा एक फोटो आधी आला तर आपला निरोप दोन मिनिटांत मिटतो. नाही आला तर दोन दिवस "तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे?" "जाड आहे, निळी आहे" असे चालू राहते.

पुस्तक मागवताना नुसते नाव का पुरत नाही, ते आधी सांगतो.

ब्रिटिश पुस्तक अमेरिकेत जाताना पुष्कळदा नाव बदलते. ॲगाथा ख्रिस्तीचे 'लॉर्ड एजवेअर डाइज' तिकडे 'थर्टीन ॲट डिनर' झाले, 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' हे 'मर्डर इन द कॅले कोच' झाले. वुडहाउसचे १९३४ चे 'राइट हो, जीव्ज' म्हणजेच 'ब्रिंक्ले मॅनर'. ख्रिस्तीचा संच पुरा करायला निघालेल्या एका काकांनी आमच्याकडून एक आणि बाहेरून एक अशी दोन पुस्तके घेतली आणि तिसाव्या पानावर त्यांच्या लक्षात आले की खून तोच आहे. दुसरे पुस्तक त्यांनी आमच्याकडे परत आणले. तेव्हापासून ख्रिस्ती किंवा वुडहाउसची यादी आली की दुसऱ्या नावांशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही पुस्तक बांधत नाही. त्याला एक दिवस जास्त लागतो, तो लागू द्या.

नाव बदलले तर निदान फसगत कळते तरी. मजकूर बदललेला असला तर वाचूनही कळत नाही. अँथनी बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'ची ब्रिटिश आवृत्ती १९६२ ची, प्रकरणे २१. अमेरिकन आवृत्तीत शेवटचे प्रकरण गाळलेले होते, ते तिथे १९८६ मध्ये आले. म्हणजे शेवटच वेगळा. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ चे वेगळे आणि मेरी शेलीने स्वतः बदल करून १८३१ मध्ये काढलेले वेगळे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या सरांनी यांपैकी कोणते सांगितले आहे ते विचारून मग या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बदलून मिळत नाही.

ललितेतर पुस्तकांत हा घोळ जास्त. डॉकिन्सचे 'द सेल्फिश जीन' १९७६ मध्ये आले तेव्हा ११ प्रकरणे होती, १९८९ च्या आवृत्तीत दोन वाढली आणि मागे टिपाही आल्या. जुनी प्रत स्वस्त मिळते, पण गटात चर्चेला घ्यायची असेल तर नवी घ्या, हा आमचा सल्ला. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची पहिली आवृत्ती १८५९ ची, सहावी १८७२ ची. एक गृहस्थ १८५९ च्या मजकुराचे पुनर्मुद्रण घेऊन गेले आणि आठ दिवसांनी "पाने गहाळ आहेत" म्हणून परत आले. त्यांना 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द कुठे सापडेनात. सापडणार कसे? ते शब्द डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घातले. पाने सगळी जागेवर होती, आम्ही त्यांच्यासमोर मोजली. चर्चिलचा दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास मूळ सहा खंडांचा आहे, आणि त्याची एका खंडातली संक्षिप्त आवृत्तीही मिळते. "चर्चिल पाहिजे" असा निरोप आला की आम्ही उलट विचारतो. ते आगाऊपणाने नव्हे.

आता विकणाऱ्यांसाठी. 'पहिली आवृत्ती' हे शब्द ज्या सहजतेने वापरले जातात, त्याने आमचा सर्वात जास्त वेळ जातो.

नावाच्या पानामागे 'प्रथम प्रकाशित १९९७' असे इंग्रजीत छापलेले असले, म्हणून तुमच्या हातातली प्रत १९९७ ची ठरत नाही. ते वर्ष पुस्तकाचे, प्रतीचे नव्हे. 'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन'च्या नंतरच्या मुद्रणांतही १९९७ हेच वर्ष असते. पुठ्ठा बांधणीतले त्याचे पहिले मुद्रण सुमारे ५०० प्रतींचेच होते. दर उन्हाळ्यात कपाटे आवरली जातात आणि ती ५०० पैकी एक प्रत पुण्यात सापडल्याचे आम्हाला तीन-चारदा कळवले जाते. आम्हालाही सापडायला हवी आहे.

त्या वर्षाच्या खाली बहुतेक नव्या पुस्तकांत आकड्यांची ओळ असते, १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ अशी. दर नव्या मुद्रणाला एक आकडा काढून टाकतात. ओळीत उरलेला सर्वात लहान आकडा हे तुमच्या प्रतीचे मुद्रण. १ असेल तर पहिले, ४ पासून पुढचे आकडे असतील तर चौथे. काही ब्रिटिश प्रकाशक एकी आकडे डावीकडे आणि बेकी उजवीकडे ठेवतात : १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २. ती छपाईची चूक नाही. एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा आकडा काढला की ओळ पानाच्या मध्यावर राहते. जुन्या पुस्तकांत अशी ओळ नसते, तिथे पुनर्मुद्रणांची वर्षे एकाखाली एक दिलेली असतात. शेवटचे वर्ष बघा. पेंग्विनची नारिंगी आणि हिरवी कव्हरे १९३५ पासूनची, दिसायलाही जुनी, पण ती बहुतेक आधी पुठ्ठा बांधणीत निघालेल्या पुस्तकांची स्वस्त आवृत्ती असते. वाचायला उत्तम. दुर्मीळ म्हणून भाव मागू नये.

उलटेही घडते. जिम कॉर्बेटचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' घेऊन एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "हे काही नाही हो, मुंबईत छापलेलं आहे, रद्दीत घालणार होते." पण त्या पुस्तकाची पहिली आवृत्तीच ऑक्सफर्डने मुंबईहून १९४४ मध्ये काढली. पान उलटले, वर्ष पाहिले आणि त्यांना चहा पाजला. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचेही असेच बघून सांगावे लागते. १८२६ ची लंडनची आवृत्ती तीन खंडांची, एडवर्ड्सने संपादित केलेली १९२१ ची दोन खंडांची. वाड्यातल्या कपाटातून येते ती बहुधा दुसरी. तीही आम्ही घेतो.

आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबद्दल, थोडे. पाठवलात तर फारच बरे. पण जुना दहा आकडी क्रमांक असेल तर त्याच्यापुढे स्वतःहून ९७८ लावून पाठवू नका. २००७ पासून तेरा आकडी पद्धत आली तेव्हा शेवटचा ताळ्याचा आकडा (क्रमांक बरोबर आहे का ते तपासायचा) काढायची रीतही बदलली, त्यामुळे असा घरी बनवलेला क्रमांक सहसा चुकतो. जसा छापला आहे तसाच पाठवा, शेवटी इंग्रजी एक्स असला तरी तोही. १९६० च्या आधीच्या पुस्तकांवर क्रमांक शोधू नका, नसतो.

"फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी" असा शिक्का पाहून काही जण पुस्तक बाजूला ठेवतात. कागद थोडा हलका असतो, हे खरे. मजकूर तोच असतो आणि किंमत पुष्कळ कमी. लंडनचीच प्रत हवी असेल तर तीही मागवून देतो, चार ते सहा आठवडे लागतात आणि अर्धी रक्कम आगाऊ घेतो. फोटो पाहून आवृत्ती कळवल्यानंतर तुमचा होकार आला की मगच मागणी पुढे जाते. त्यानंतर "मला वाटलं दुसरी" या कारणाने पुस्तक परत घेतले जात नाही. आमच्याकडून चुकीची आवृत्ती गेली असेल तर येण्याजाण्याचा टपालखर्च आमचा.

सध्या मागच्या खोलीत पेलिकनची (पेंग्विनच्याच ललितेतर मालिकेची) फिकी निळी पुस्तके एक मांडणीभर आली आहेत : इतिहास, मानसशास्त्र, पुरातत्त्व, थोडे अर्थशास्त्र. बहुतेक शंभर ते दीडशे रुपयांत. वुडहाउसची पुठ्ठा बांधणीतली अकरा आहेत, दोन नावांचे एकही पुस्तक त्यांत दोनदा नाही, तपासले आहे. यादी हवी असल्यास निरोप पाठवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, फोटो तेव्हाही पाठवले तरी चालतील.