दोऱ्यावर फिरणारं सेंट्रिफ्यूज

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, हरसूल या पट्ट्यात कुणी थंडीतापाने फणफणलं की आरोग्यसेवक किंवा आशाताई बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात. एक जाड थेंब, शेजारी पातळ थर. जाड थेंबाला अल्कोहोल लावत नाहीत, म्हणून रंगवताना त्यातल्या तांबड्या पेशी पाण्याने फुटून जातात; राहतात पांढऱ्या पेशी आणि हिवतापाचे परजीवी. पातळ थरातल्या पेशी शाबूत असतात, त्यात परजीवी व्हायव्हॅक्स जातीचा की फाल्सिपेरम जातीचा हे कळतं. पण पावसाळी दमट हवेत जाड थेंब लवकर वाळत नाही, आणि ओलसर राहिला तर रंगवताना धुऊन जातो. मग सूक्ष्मदर्शक कितीही भारी असो, त्याखाली बघायला काही उरत नाही.

शिवाय परजीवी थोडे असले की नजरेतून निसटतात. त्यांना एका जागी गोळा करायचं तर रक्त वेगाने फिरवावं लागतं. त्यासाठीचं सेंट्रिफ्यूज महाग, जड आणि विजेवर चालणारं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. बटणाच्या भोकांतून दोरा ओवून आपण लहानपणी भिंगरी करायचो, त्याच तत्त्वावर त्यांनी कागदी चकती फिरवली. दोरा ओढला की पीळ सुटतो, सैल सोडला की उलटा बसतो. वेग मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत, वजन 2 ग्रॅम, साहित्याचा खर्च सुमारे 20 सेंट. नाव पेपरफ्यूज.

चकतीवर रक्ताची बारीक काचनळी बसवतात. दीड मिनिटात वर पिवळसर प्लाझ्मा आणि खाली तांबड्या पेशी वेगळ्या दिसतात. मधे पांढऱ्या पेशींचा पातळ पट्टा. परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किंचित हलक्या होतात, म्हणून त्या याच पट्ट्यालगत जमतात. परजीवी असे वेगळे करायला साधारण 15 मिनिटं फिरवावं लागतं. नळीत आधीच लावलेल्या ॲक्रिडीन ऑरेंज रंगामुळे ते योग्य प्रकाशात चमकतात.

अर्थात तसा प्रकाश देणारा सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला डोळा लागतोच. झटपट किटने हे काम भागत नाही का? निदान लवकर होतं, पण किट फाल्सिपेरमचं जे प्रथिन ओळखतं ते बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे औषध लागू पडलं का हे बघायला परजीवीच दिसावा लागतो. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत असं यंत्र सहज बनेल. कस लागेल तो नळी बसवण्यात: फिरताना काच फुटली तरी रक्त बाहेर उडता कामा नये. मूळ रचनेत म्हणूनच नळी प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये घालून तिचं टोक बंद केलेलं आहे.