आधी सिल, मग इंजिन: जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एमजीबी, स्पिटफायर, स्प्राइट किंवा टी-मालिकेतली जुनी एमजी घरी उभी करायला घेतलेले ग्राहक आमच्याकडे बहुधा इंजिन घेऊनच येतात. इंजिनाचं मशीनिंग हाच आमचा धंदा आहे. तरीही आमची विनंती आहे की इंजिन सध्या झाकून ठेवा आणि आधी गाडीचा सांगाडा तपासा. क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाची क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं) कधीही करता येतं. मधोमध खाली बसलेल्या बॉडीवर एकदा नवा रंग चढला, की ती सरळ करताना तो सगळा रंग वाया जातो.

सिल

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झाली. तिला वेगळी चॅसिस नाही आणि उघड्या मॉडेलला छपराचाही आधार नाही. त्यामुळे पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामधला भार मुख्यतः दाराखालच्या लांब पेटीसारख्या सिल आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा यांच्यावर येतो. बाहेरून सिलचा एकच पत्रा दिसतो. प्रत्यक्षात बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्यांच्यामध्ये उभा पडदा आणि तळाशी ‘कॅसल’ नावाचा भाग अशी ती बंद पेटी असते. मधला पडदा बाहेरून दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त गंज तिथेच सापडतो. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून रंगवलेल्या गाड्या आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत. अशा गाडीला चुंबक चिकटतो, रंगही चकाकतो, पण आत ताकद उरलेली नसते.

गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागची फट नीट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध बसली आहे असं समजा.

कापायला सुरुवात करण्यापूर्वी गाडी सस्पेन्शनच्या जागांजवळ भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नको. पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी आधार तात्पुरता वेल्ड करा. दार लावून फट तपासता येईल अशा बेतानेच तो बसवा. एका वेळी एकच बाजू उघडा. नवा पत्रा क्लॅम्पने धरा, वेल्डिंगचे नुसते टाके मारा, दार टांगून फट बघा आणि ती जुळल्यावरच पक्कं वेल्डिंग करा. तेही एका टोकाकडून सलग ओढत नेऊ नका. थोडं इथे, थोडं तिथे असं करत गेलात तर उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. सगळ्या कामात इथे घाई सर्वांत महाग पडते. रंगकाम झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा आणि तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

स्पिटफायरला वेगळी चॅसिस आहे, पण तिच्या सिलसुद्धा भार घेतात. म्हणून तिचं हे काम बॉडी चॅसिसवर बोल्टने बसलेली असतानाच करावं. टी-मालिकेच्या एमजीत पत्र्याखाली ॲश लाकडाची चौकट असते. तिथे दार लोंबत असेल तर बिजागरीबरोबर लाकूडही तपासा.

बॉडी फारच गेली असेल तर एमजीबीसाठी मूळ साच्यांवर दाबून काढलेली नवी बॉडीही मिळते. हे काम ब्रिटनमध्ये १९८८ साली सुरू झालं. मूळ पत्रा टिकवता येत असेल तर तो टिकवावा, असं आमचं मत आहे. मात्र तीन-चार थरांची ठिगळं लावण्यापेक्षा नवी बॉडी नक्कीच बरी.

पाने आणि आटे

या गाड्यांचे बरेचसे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना चढतो खरा, पण जाम झालेल्या बोल्टचं डोकं त्यानेच गोल होतं. जुन्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यांवरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नसतो. टी-मालिकेच्या एक्सपीएजी इंजिनाची तर वेगळीच तऱ्हा आहे: आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ. त्यामुळे पाना बसला म्हणून बोल्ट योग्य आहे असं समजू नका. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून ठेवा.

वायरिंग

१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. मधल्या कुणी ते उलटवलंय का, हे बघूनच बॅटरी जोडा. तपकिरी वायर बॅटरीतून थेट येते आणि तिला फ्यूज नसतो. पांढऱ्या वायरीत चावी फिरवल्यावर करंट येतो, हिरवीत तोच करंट फ्यूजमधून येतो आणि काळी अर्थची असते. रंग केल्यावर दिवे मंद झाले तर नवी वायर घेण्याआधी अर्थच्या जागेवरचा रंग खरवडून काढा.

जिवाची काळजी

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी घरी वेल्ड करू नका.

इंजिन आमच्याकडे आणताना

ब्लॉकबरोबर मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅप आणाच. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या इंजिनाच्या चालत नाहीत. सिलिंडर बोअर करायचे असतील तर पिस्टन आधी घ्या. आम्ही प्रत्यक्ष पिस्टन मोजून बोअर ठेवतो. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाला सुरुवातीला तीन मेन बेअरिंग होती आणि १९६४पासून पाच आली, म्हणून इंजिन क्रमांक कळवा. हेडला एक्झॉस्टच्या बाजूने व्हॉल्व्हची कठीण सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवून घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलवर मूळ सीट झिजत खाली जाते आणि व्हॉल्व्हचा गॅप मिटत जातो.

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवी असेल तर तिच्यावर चालणारे टॅपेटही नवे हवेत. दोन्हींना कॅमची पेस्ट लावा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा. सुरू झाल्यावर ते आयडलवर (मंद गतीवर) सोडू नका. साधारण वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा. ही वीस मिनिटं पाण्याच्या तापमानावर आणि तेलाच्या दाबावर नजर हवी, म्हणून सोबत एक माणूस घ्या.